दुकानातली कासवं: जाताना खिशात थर्मामीटर ठेवा

मी काचेच्या टाक्या बांधतो. नागपुरात या कामाला सोळा वर्षं झाली. काच कापायची, सिलिकॉन भरायचं, सुकू द्यायचं, मग पाणी भरून दोन दिवस कुठे गळते का ते पाहायचं. शिवाय महिन्याच्या बोलीवर टाक्या साफ करायला जातो. घरी जातो, दवाखान्यांत जातो, पाळीव प्राण्यांच्या दुकानांतही जातो. गिऱ्हाइकाला दुकानाचा पुढचा भाग दिसतो, मला मागची खोलीही दिसते.

२०१८च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, इथल्या अनेकांना आठवत असेल. त्या आठवड्यात सकाळी साडेदहाला मी एका दुकानात पोचलो. काउंटरजवळच्या प्लॅस्टिकच्या टबात लाल कानाच्या कासवांची पिल्लं होती, पाच रुपयांच्या नाण्याहून जराशी मोठी. एकही हलत नव्हतं. "थंडी आहे न भाऊ, झोपून राहिले," दुकानदार म्हणाला. मी पाण्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला. त्यातली अकरा पिल्लं नंतर हललीच नाहीत. टबाशेजारची माशांची टाकी मी बांधलेली होती. दर महिन्याला मी तिथे जात होतो, आणि या पिल्लांना हीटर आहे का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून माझ्या खिशात थर्मामीटर असतो. तुम्हीही दुकानात जाताना एक ठेवा. तिथे काय पाहायचं, आणि पाहिल्यावर कोणाशी काय बोलायचं, ते सांगतो.

पाणी किती गार, किती गरम

सरपटणाऱ्या प्राण्याला आपल्यासारखी अंगातली ऊब टिकवता येत नाही. तो उन्हात जाऊन तापतो, सावलीत किंवा पाण्यात जाऊन निवतो. त्याचं पचन आणि आजाराशी लढायची ताकद, दोन्ही या तापण्यावर चालतं. म्हणून त्याला एकच तापमान पुरत नाही, दोन लागतात. लाल कानाच्या कासवाला पाणी २४ ते २७ अंश हवं, पिल्लांना त्यातल्या वरच्या टोकाचं. आणि पाण्याबाहेर बसायला एक कोरडी जागा हवी, जिथे दिव्याखाली ३२ ते ३५ अंश असतील. पाणी १८-२० अंशांच्या खाली गेलं की हे कासव खाणं सोडतं. पोटात आधीचं अन्न असेल तर ते पचत नाही, तसंच सडत राहतं. अशा पिल्लाला दुकानदार "झोपलं" म्हणतो.

माशांच्या दुकानात मिळणारा, काचेला चिकटणारा साधा थर्मामीटर पुरतो. दुकानदाराला विचारून तो पाण्यात सोडा आणि पाच मिनिटं थांबा. बटण दाबून मोजायची गन असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. कोविडच्या काळात घेतलेली कपाळाची गन इथे चालत नाही, ती माणसाचा ताप मोजण्यापुरतीच असते. आणि कारखान्यात वापरतात ती गनसुद्धा काचेच्या आरपार मोजत नाही, काचेचंच तापमान दाखवते. बसायची जागा मोजायची असेल तर झाकण उघडून वरून मोजावी लागते.

आकडा पाहून झाला की एक प्रश्न नक्की विचारा: "रात्री दुकान बंद करताना मेन स्विच बंद करता का?" बहुतेक ठिकाणी उत्तर "हो" असतं. शॉर्ट सर्किटची भीती असते आणि ती खोटी नाही. पण मेन पडला की हीटरही बंद होतो आणि फिल्टरही. रात्री साडेनऊ ते सकाळी साडेदहा म्हणजे तेरा तास. पाणी गार होतंच, शिवाय फिल्टरमधले घाण पचवणारे जिवाणू वाहतं पाणी न मिळाल्याने मरू लागतात. सकाळी स्विच पडला की तीच कुजलेली घाण टाकीत येते. दिवसा टाकी कितीही स्वच्छ दिसली तरी मला हा प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो. यावर उपाय आहे. टाक्यांची लाइन इलेक्ट्रिशियनकडून वेगळी काढायची, तिला वेगळा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) लावायचा, आणि प्रत्येक वायर प्लगला जाण्याआधी खाली झोल देऊन वर न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत न जाता झोलाच्या तळाशी ठिबकतं.

उथळ टबात हीटर बसतही नाही. तो पाण्यात पूर्ण बुडालेला लागतो, उघडा पडला की तडकतो. म्हणजे दोन बोटं पाण्यातल्या पिल्लांना हिवाळाभर ऊब मिळायची सोयच नसते. हीटर लिटरमागे साधारण एक वॉटचा, थर्मोस्टॅटवाला आणि प्लॅस्टिकच्या जाळीत घातलेला हवा. मोठं कासव काचेचा हीटर धडका देऊन फोडतं.

हिवाळ्यापेक्षा आपल्याकडे उन्हाळा जास्त मारतो, आणि त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, कारण सगळ्यांना वाटतं कासवाला ऊन आवडतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, वर पत्र्याचं छत, रविवारी शटर खाली, कूलर बंद. अशा खोलीत टबभर पाणी दुपारी तीनपर्यंत कुठे जाईल याचा विचार करा. पाणी चाळिशीच्या वर गेलं की कासवाच्या जिवावर बेततं. त्याला पळायला सावलीही नसते. म्हणून मे महिन्यात दुकानात जायचं तर दुपारी जा, संध्याकाळी नाही. सुटीच्या दिवशी कासवांकडे कोण येतं, हेही विचारा. पाणी खोल ठेवलं, टाकी पत्र्यापासून आणि पश्चिमेच्या भिंतीपासून दूर सरकवली, पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडला, तर चार-पाच अंशांचा फरक पडलेला मी स्वतः मोजला आहे. तापवणारा बल्ब त्या दिवसांत बंद केला तरी चालतो. यूव्हीबीची, म्हणजे कवचासाठी लागणारा उन्हासारखा प्रकाश देणारी नळी मात्र दिवसा बंद करायची नाही.

दिवा कोणता आहे ते वाचा

यूव्हीबी म्हणजे उन्हातला २९० ते ३२० नॅनोमीटर तरंगलांबीचा भाग. तो कातडीवर पडला की अंगात डी-३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडांत आणि कवचात जातं. हा प्रकाश नसेल तर कवच मऊ पडतं, पाय वाकतात, इग्वानाचा (दुकानात मिळणाऱ्या मोठ्या विदेशी सरड्याचा) जबडा रबरासारखा होतो. दुकानात हमखास ऐकू येतं, "खिडकीतून ऊन येते न." साध्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. ऊब येते, उजेड येतो, हवं ते बाहेरच राहतं.

दिव्यावरची अक्षरं वाचा. मी तीन प्रकारचे चुकीचे दिवे पाहतो. एक म्हणजे साधा पिवळा बल्ब, तो फक्त तापवतो. दुसरा जांभळ्या रंगाचा एलईडी, त्याला "यूव्ही" म्हणून विकतात, पण कासवाला त्याचा काही उपयोग नसतो. तिसरा सगळ्यात वाईट: माशांच्या पाण्यातले जंतू मारायची यूव्हीसी नळी. ती फिल्टरच्या बंद डब्यातच असायला हवी, उघडी लावली तर प्राण्याचे डोळे आणि कातडी भाजते, माणसाचीही. खऱ्या नळीवर यूव्हीबी असं छापलेलं असतं. तिचा उजेड दिसत राहिला तरी आतलं यूव्हीबी कमी होत जातं, म्हणून नळीच्या प्रकाराप्रमाणे सहा ते बारा महिन्यांनी ती बदलावी लागते. मी नळीच्या टोकावर मार्करने महिना-वर्ष लिहून ठेवतो. दुकानातल्या नळीवर तारीख नसेल तर केव्हा बसवली ते विचारा. रात्री दिवे बंद हवेत, त्यांना अंधारही लागतो.

अंगावर काय दिसतं

कासव हातात घ्यायची गरज नाही. काचेबाहेरून दहा मिनिटं शांत उभे राहा.

पापण्या सुजून डोळे मिटलेले असतील तर बहुधा अ जीवनसत्त्वाची कमतरता असते. वाळलेली कोळंबी एवढाच खुराक दिला की हे होतं, आणि बहुतेक दुकानांत दुसरं काही देत नाहीत. दिसत नाही म्हणून ते खात नाही, खात नाही म्हणून आणखी खंगतं. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, किंवा एका बाजूला कलून तरंगणं ही फुप्फुसाच्या आजाराची लक्षणं आहेत. यात थांबायला वेळ नसतो. कवचावर मऊ, वास येणारा डाग म्हणजे कवच कुजायला लागलंय. पातळ, पारदर्शक पापुद्रे निघत असतील तर घाबरू नका, वाढताना ते निघतात.

टाकीत बसायला कोरडी जागाच नसेल, तर बाकीचं पाहायची गरज नाही. सतत पाण्यात ठेवलेलं कासव वाळत नाही आणि कवचाचे आजार तिथूनच सुरू होतात. तळाशी बारीक रंगीत खडे असतील तेही वाईट. कासव ते गिळतं आणि आतडं तुंबतं. खडा त्याच्या डोक्यापेक्षा मोठा हवा, नाहीतर तळ मोकळाच बरा.

इग्वाना पाहिला तर नाकाकडे बघा. पोपटाच्या पिंजऱ्यात ठेवलेला इग्वाना बाहेर पडायला तारेवर तोंड घासत राहतो आणि नाकाचा शेंडा सोलून निघतो. तो पूर्ण शाकाहारी प्राणी आहे, समोर उकडलेलं अंडं ठेवलेलं असेल तर दुकानदाराला काही माहीत नाही असं समजा. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याची कातही नीट निघत नाही. बोटांवर जुन्या कातेची कडी राहतात आणि रक्तपुरवठा बंद होऊन बोट झडतं. शिवाय इग्वाना आणि बॉल पायथन (विदेशी अजगर) हे साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. २०२४च्या नियमांनुसार असे विदेशी प्राणी बाळगणाऱ्याला सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद दाखवा म्हणायला लाजू नका.

आपल्याकडचं कासव दिसलं तर

लाल कानाचं कासव मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. डोळ्यामागे लाल पट्टा असतो. आपल्या कासवांसारखं वन्यजीव कायद्याचं संरक्षण त्याला नाही, म्हणून ते उघड्यावर विकलं जातं. त्याच्याच टाकीत कधी कधी दुसरी कासवं असतात, तिथे सावध व्हा. कवच मऊ कातडीने झाकलेलं आणि नाक डुकरासारखं पुढे आलेलं असेल तर ते आपल्या तळ्यांतलं पाणकासव. पाठीवर घराच्या आढ्यासारखा उभा कणा असेल तर तेही भारतीय. आणि काळ्या घुमटावर पिवळ्या चांदण्या असतील तर चांदणी कासव. हे जमिनीवरचं, गवत खाणारं कासव आहे, त्याला पोहता येत नाही. त्याला मी पाण्याच्या टाकीत, विटेवर मान काढून बसलेलं पाहिलंय. मुळात ते विदर्भातलंही नाही. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या पट्ट्यातून किंवा आंध्र-तमिळनाडूकडून पकडून पिशव्यांत भरून आणतात.

पाणकासव आणि चांदणी कासव १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. विकणं, विकत घेणं, घरी ठेवणं सगळाच गुन्हा, शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. "घरात लक्ष्मी येते" म्हणून भेट मिळालं होतं, ही सबब तिथे चालत नाही. आपल्या भागात वीस नखांचं कासव पैशांचा पाऊस पाडतं असं सांगणारा खुळा धंदाही चालतो, त्यापायी कितीतरी कासवं पाण्यातून उपसली जातात. नखं मोजायचीच असतील तर मोजा: पाणकासवाच्या प्रत्येक पायाला तीन, म्हणजे बारा. चांदणी कासवाला पुढे पाच-पाच, मागे चार-चार, म्हणजे अठरा.

असं कासव दिसलं तर तिथे वाद घालू नका, भाव करू नका, व्हॉट्सॲपवर फोटो टाकू नका. अर्ध्या तासात माल हलतो. बाहेर पडा, दुकानाचं ठिकाण, वेळ, किती कासवं ते लिहा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जप्त झालेल्या, जखमी वन्यप्राण्यांवर तिथे उपचार होतात.

दुकानदाराशी बोलताना

विदेशी कासवांच्या हालांसाठी वेगळा रस्ता आहे. २०१८च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि प्राणी कुठून आला, कोणाला विकला याची वही लागते. पहिल्यांदा नोंदणीचा कागद दिसतो का ते पाहा. १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात, हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात प्राणी कोंडणं हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एका पिल्लाच्या किमतीहूनही कमी. म्हणून मी आधी बोलून पाहतो, तक्रार नंतर करतो.

बोलायची माझी पद्धत सांगतो. गिऱ्हाईक नसताना जायचं. "तुम्ही चुकीचं करता" ने सुरुवात करायची नाही. मी विचारतो, "भाऊ, महिन्याला किती मरतात?" हा आकडा दुकानदाराला तोंडपाठ असतो, कारण ते त्याचे पैसे असतात. मग म्हणतो, एवढ्या पैशात हीटर, थर्मामीटर आणि एक नळी येते. सगळं एकदम सांगत नाही. पहिल्या भेटीत फक्त बसायची जागा. संगमरवराचा एक तुकडा टाकीच्या कोपऱ्यात तिरका चिकटवला की झालं, तुकडा मी माझ्याकडचा देतो. (सिलिकॉन माशांच्या टाकीचंच वापरा. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीचं औषध असतं.) दुसऱ्या भेटीत हीटर आणि मेन स्विच. तिसऱ्यात दिवा. काही जण ऐकतात, काही नाही. "काही होत नाही जी, लोक घेऊन जातेत," असं म्हणणाऱ्याच्या दुकानाची मी तारखेनिशी टिपणं ठेवतो: पाणी किती अंश, किती पिल्लं, किती डोळे मिटलेले. तीन-चार भेटींची टिपणं झाली की जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे आणि पशुसंवर्धन विभागाकडे लेखी अर्ज देतो, आणि पोच घेतो. आकड्यांशिवाय दिलेला अर्ज पडून राहतो.

आणि एक कळकळीची विनंती. दया येते म्हणून ते आजारी पिल्लू विकत घेऊ नका. मला माहीत आहे, मुलगा हात धरून उभा असतो, पिल्लू डोळे मिटून पडलेलं असतं, आणि पैसे फार नसतात. पण दुकानदाराच्या वहीत ती फक्त एक विक्री असते. टब रिकामा झाला की नवा खोका येतो. घेतलेलं पिल्लू बहुतेक वेळा वाचत नाही, आणि टब तसाच राहतो.

घरी आधीच असेल तर

ते वाढणार आहे हे आधी मान्य करा. मादी २५ ते ३० सेंटिमीटर होते, आणि नीट ठेवली तर वीस-तीस वर्षं जगते. माझ्याकडे टाकी सांगायला आलेल्याला मी कवचाच्या दर अडीच सेंटिमीटरला ४० लिटर हा हिशेब देतो. म्हणजे मोठ्या कासवाला चारशे लिटर. चार फुटी टाकीवर भागवायचं तर फिल्टर दुप्पट ताकदीचा घ्या. पिल्लांना कासवाच्या गोळ्या आणि अधूनमधून गांडूळ किंवा लहान मासा द्या. मोठं झालं की जास्त पाला, गाजराचा कीस, लाल भोपळा. पालक रोज नको, त्यातलं ऑक्सलेट कॅल्शियम अडवतं. पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा समुद्रफेनाचा तुकडा पाण्यात सोडा, ते कुरतडत राहतं.

कासवाला हात लावला की साबणाने हात धुवा, टाकीचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका. त्यांच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असतो, कासव ठणठणीत दिसत असलं तरी. लहान मुलं आजारी पडत होती म्हणून अमेरिकेने १९७५ मध्येच चार इंचांखालच्या कासवांची विक्री बंद केली. आपल्याकडे तीच मुलांच्या हातात देतात. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर कासव आणूच नका.

आजारी पडलं तर कुत्र्या-मांजरांच्या औषधाचा अंदाज करू नका. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्या. कोरड्या, भोकं पाडलेल्या डब्यात, ओला टॉवेल घालून न्यायचं, पाण्यात नाही. आजारी कासव हेलकावणाऱ्या पाण्यात बुडू शकतं.

आणि फुटाळा, अंबाझरी, सोनेगाव अशा तलावांत कासव सोडू नका. लोक पुण्य म्हणून सोडतात. हे कासव जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे. आपल्या पाणकासवांची बसायची जागा, खाणं ते बळकावतं, आणि दुकानातले आजार तळ्यात नेतं. सांभाळणं जमत नसेल तर सांभाळणारा माणूस शोधा, आणि तो मिळेपर्यंत ठेवा.

त्या २०१८च्या टबातलं एक पिल्लू दुकानदाराने मला तसंच दिलं होतं, "हे जगत नाही" म्हणून. आता तिचं कवच २४ सेंटिमीटर आहे. दर वर्षी मार्चच्या सुमारास ती खाणं कमी करते आणि मागच्या पायांनी काच खरडते. नर नसला तरी मादी अंडी घालते, आणि खणायला जागा नसेल तर अंडी पोटात अडकून ती मरू शकते. म्हणून फेब्रुवारीतच मी तिच्यासाठी वाळू आणि मातीचं निम्मं-निम्मं मिश्रण भरलेलं घमेलं तयार ठेवतो, तिच्या कवचाच्या लांबीइतकं खोल, मुठीत धरलं तर गोळा होईल इतपत ओलं. संध्याकाळी तिला त्यात ठेवायचं आणि खोलीतून बाहेर जायचं. कोणी पाहत असलं की ती खणत नाही.